लाल रेघ थांबते तिथं थांबा : बर्फ, पाणी आणि वाफ मुलांना घरी कशी दाखवायची

स्थायू, द्रव, वायू हे तीन शब्द कुठल्याही मुलाला विचारा, घडाघडा सांगेल. बर्फ स्थायू, पाणी द्रव, वाफ वायू. तापवलं की पुढं, गार केलं की मागं. एवढ्यावर परीक्षेत गुण मिळतात, म्हणून धडा तिथंच संपतो. खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत मी बरीच वर्षं विज्ञान शिकवलं. आता बेळगावात घरीच असते आणि गल्लीतली मुलं संध्याकाळी येऊन बसतात. या धड्यातली एक गोष्ट मुलानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलीच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. बर्फ वितळत असताना आणि पाणी उकळत असताना खालून जाळ चालू असतो, उष्णता आत जात असते, आणि तरी तापमान वाढत नाही. थर्मामीटरची रेघ एका जागी थांबते. ती का थांबली, हा प्रश्न मुलाला एकदा पडला की पुढचा धडा ते स्वतःच ओढत नेतं.

खाली जे लिहिलंय ते सगळं स्वयंपाकघरात होतं. गॅसजवळचं काम मोठ्या माणसानं करायचं. मुलानं बघायचं, वेळ मोजायची आणि वहीत आकडे लिहायचे.

थर्मामीटर घेताना

ताप बघायचा थर्मामीटर इथं चालत नाही. त्याची पट्टी ३५ ते ४२ अंशांची, उकळत्या पाण्यात घातला तर फुटेल. प्रयोगशाळेतला, लाल अल्कोहोल भरलेला, उणे १० ते ११० अंश सेल्सियसपर्यंत खुणा असलेला काचेचा थर्मामीटर घ्या. शाळांना विज्ञानाचं साहित्य पुरवणाऱ्या दुकानात तो मिळतो. पाऱ्याचा देऊ लागले तर घेऊ नका. घरात फुटला तर पारा फरशीच्या फटीत जाऊन बसतो आणि त्याची हळूहळू होणारी वाफ विषारी असते.

आणल्याबरोबर तो तपासा. बर्फ बारीक कुटून वाटीत भरा, थोडं पाणी घाला, थर्मामीटरचा फुगा त्यात बुडवून चार-पाच मिनिटं ठेवा. रेघ शून्यावर यायला हवी. एक अंश वर दाखवत असेल तर फेकू नका. कागदाची चिठ्ठी चिकटवून त्यावर ‘एक वजा करणे’ असं लिहा आणि प्रत्येक वेळी वजा करा. मुलांना हे फार आवडतं. यंत्राचीही खोड असते आणि ती ओळखून काम करता येतं, हे त्यांना इथं पहिल्यांदा कळतं.

आणखी दोन गोष्टी. फुगा भांड्याच्या तळाला टेकू द्यायचा नाही, कारण तळ पाण्याहून जास्त तापलेला असतो. भांड्यावर आडवा उलथना ठेवा आणि थर्मामीटर दोऱ्यानं त्याला टांगा. आणि वाचताना डोळा रेघेच्या बरोबरीला आणायचा. वरून किंवा खालून पाहिलं तर अर्धा-एक अंश सहज चुकतो.

बर्फापासून सुरुवात

फ्रीजमधला बर्फ फडक्यात गुंडाळून बत्त्यानं कुटा. साधारण दोनशे ग्रॅम पुरे. फ्रीज नसेल तर रसवंतीवाल्याकडून लादीचा तुकडा आणा. जाड बुडाच्या पातेल्यात कुटलेला बर्फ घाला, थर्मामीटर मधोमध लावा. फ्रीजरमधून नुकताच काढलेला बर्फ शून्याच्या बराच खाली असतो, त्यामुळे रेघ आधी उणे भागात उतरते, मग हळूहळू शून्याकडे चढते. आता गॅस अगदी बारीक करा, आणि एक काम अखंड चालू ठेवा: चमच्यानं ढवळणं. ढवळलं नाही तर तळाचं पाणी तापतं, वर बर्फ तरंगत राहतो, रेघ चार-पाच अंशांवर जाऊन बसते आणि सगळा प्रयोग फसतो. दर अर्ध्या मिनिटाला मुलानं मोठ्यानं आकडा वाचायचा.

शून्य. शून्य. शून्य. सहा-सात वेळा तोच आकडा आला की मुलं चुळबुळ करायला लागतात. “टीचर, हे बिघडलंय काय ओ? हलंनाच की!” हा प्रश्न यायलाच हवा. उत्तर देण्याची घाई करू नका. बर्फाचा शेवटचा खडा दिसेनासा झाला की रेघ आपोआप सुटते आणि भराभर वर धावते. तेव्हा विचारा: जाळ तोच, भांडं तेच, मग आत्तापर्यंतची उष्णता गेली कुठं?

ती गेली बर्फातल्या कणांची एकमेकांवरची पकड सैल करण्यात. बर्फात पाण्याचे रेणू ठरलेल्या जागी जखडलेले असतात. त्यांना जागेवरून सोडवायला ऊर्जा लागते. कण किती वेगानं हालतात हे तापमान सांगतं. सोडवण्यात खर्ची पडलेल्या उष्णतेनं त्यांचा वेग वाढत नाही, म्हणून रेघ हलत नाही. एक ग्रॅम बर्फ वितळवायला सुमारे ८० कॅलरी लागतात. एवढ्या उष्णतेत तेच एक ग्रॅम पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. मुलाला हे असं सांगा: वितळण्यात जेवढी उष्णता गडप झाली, तेवढ्यात हे पाणी हात भाजण्याइतकं कडकडीत झालं असतं.

या गडप झालेल्या उष्णतेला पुस्तकात ‘अप्रकट उष्णता’ म्हणतात. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या विद्यापीठात जोसेफ ब्लॅक यांनी १७६० च्या दशकाच्या सुरुवातीला ती मोजली, आणि त्यांच्याजवळही थर्मामीटर आणि घड्याळ यांपलीकडे फारसं काही नव्हतं. मुलाला हे जरूर सांगावं. आपण करतोय तो खरा प्रयोग आहे, खेळ नव्हे, हे त्यानं त्याला समजतं.

त्याच बर्फातून आणखी दोन गोष्टी निघतात. पहिली, पेल्याच्या बाहेरचं पाणी. स्टीलच्या पेल्यात बर्फ घातला की बाहेरून थेंब जमतात, आणि बरीच मुलं ठामपणे सांगतात की ते आतलं पाणी पाझरलं. खानापूरच्या मातीच्या घागरी त्यांनी पाहिलेल्या असतात आणि घागर खरोखरच पाझरते, त्यामुळे त्यांचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नाही. म्हणून पेल्यात साधं पाणी न घालता आमसुलाचं लालभडक पाणी घाला. बाहेरचे थेंब पांढऱ्या रुमालानं टिपून दाखवा: लाल डाग नाही, चाखलं तर आंबट नाही. ते पाणी हवेतून आलं. स्वयंपाकघरात डिजिटल वजनकाटा असेल तर पेला त्यावर ठेवून द्या. दमट दिवसात थोड्याच वेळात एक-दोन ग्रॅम वजन वाढलेलं दिसतं.

दुसरी, मीठ. कुटलेल्या बर्फात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं जाडं मीठ मिसळून ढवळलं की बर्फ जास्तच वितळायला लागतो आणि तरी रेघ शून्याखाली घसरत जाते. वितळतोय आणि गारही होतोय, हे मुलांना आधी पटत नाही. पण वितळायला उष्णता लागते हे त्यांनी नुकतंच पाहिलेलं असतं. इथं खालून जाळ नाही, मग ती उष्णता मिश्रण स्वतःतूनच काढतं. मिठाच्या जोरावर हे मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत जाऊ शकतं; घरी तेवढं होत नाही, पण थर्मामीटरची खालची खूण गाठली जाते. तिथं पोचल्यावर थर्मामीटर काढून घ्या आणि आटवलेलं गोड दूध उंच पेल्यात घालून त्या मिश्रणात रोवा. पॉट कुल्फी अशीच होते. मीठ दुधात पडू देऊ नका म्हणजे झालं.

मेण आणि बर्फ शेजारी शेजारी

हा प्रयोग मला सगळ्यांत जास्त आवडतो, आणि बेळगावात तर तो करायलाच हवा. दोन सारख्या स्टीलच्या वाट्या घ्या. एकीत काठोकाठ पाणी भरून फ्रीजरमध्ये ठेवा. दुसऱ्या वाटीसाठी मेणबत्तीचे तुकडे गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवलेल्या छोट्या भांड्यात वितळवा. मेण थेट जाळावर कधीही ठेवायचं नाही, त्याची वाफ पेट घेते. मेणबत्तीचं मेण साधारण ५५ ते ६० अंशांना वितळतं, त्यामुळे गरम पाणी पुरतं. वितळलेलं मेण काठोकाठ ओता आणि हलवू नका.

तासाभरानं मेणाच्या वाटीत डोकवा. कडेनं मेण काठाला लागून आहे, मधे मात्र खड्डा पडलाय. बोट फिरवलं की बशीसारखा खोलगटपणा लागतो. कडेचं मेण आधी थिजलं, मधलं शेवटी थिजलं, आणि थिजताना आकसल्यामुळे कमी पडलं. बर्फाची वाटी काढली तर उलटं: मधे फुगवटा, कधी कधी वर आलेलं टोक. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के जास्त जागा घेतं. बहुतेक पदार्थ मेणासारखे वागतात, पाणी वेगळं. बर्फ पाण्यावर तरंगतो तो यामुळेच, आणि भरलेली काचेची बाटली फ्रीजरमध्ये फुटते तीही यामुळेच. गोठवायला काच वापरू नका.

उद्यमबागेतल्या, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या, फाउंड्रीत (धातू वितळवून साच्यात ओतण्याच्या कारखान्यात) घरातलं कुणी कामाला असेल तर त्यांना या वाटीतला खड्डा दाखवा. ते लगेच ओळखतील. बिडाचं लोखंड साधारण ११५० ते १२०० अंशांना वितळतं. त्याहून बरंच तापवून ते साच्यात ओततात. धातू थिजताना असाच आकसला तर कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतून झालेल्या वस्तूत, पोकळी राहते आणि माल रिजेक्ट होतो. म्हणून साच्याला जोडून जादा धातूची विहीर ठेवतात, तिला रायझर म्हणतात. कास्टिंग थिजत असताना कमी पडणारा धातू त्या विहिरीतून आत ओढला जातो. मग रायझर तोडून पुन्हा भट्टीत टाकतात. थिजल्यावरही लोखंड गार होताना आणखी आकसतं, त्यासाठी पॅटर्नच, म्हणजे ज्यावरून साचा घेतात तो नमुनाच, मीटरमागे साधारण एक सेंटीमीटर मोठा करतात. वर्गात एका मुलीनं मेणाची वाटी घरी नेली आणि दुसऱ्या दिवशी वडिलांनी कागदावर काढून दिलेलं रायझरचं चित्र घेऊन आली. माझ्या फळ्यावरच्या चित्रापेक्षा ते स्वच्छ होतं, म्हणून मी तेच भिंतीवर लावलं.

हिवाळा असेल तर खोबरेल तेलाची बाटलीही वापरता येते. खोबरेल साधारण २४ अंशांना थिजतं. आमच्याकडं डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी ते घट्ट झालेलं असतं आणि दुपारी उन्हात आपोआप सुटतं. घट्ट तेलाचा गोळा मुलाच्या तळहातावर ठेवा. अंगाची ३७ अंशांची ऊब त्याला वितळवते आणि तळहाताला जरासा गारवा लागतो. मात्र खोबरेल आणि तूप हे अनेक स्निग्ध पदार्थांचं मिश्रण. त्यांची रेघ बर्फासारखी एका आकड्यावर ठाम उभी राहत नाही, काही अंशांच्या पट्ट्यात रेंगाळते.

उकळी

आता पाणी. उंच भांड्यात अर्धा लिटर पाणी घ्या, झाकण नको. थर्मामीटर टांगा, गॅस मध्यम.

उकळी येण्याआधी मुलांना फसवणारी एक गोष्ट घडते. पन्नास-साठ अंशांच्या आसपासच भांड्याच्या कडेला बारीक बुडबुडे दिसतात आणि मुलं “उकळलं!” म्हणतात. ती पाण्यात विरघळलेली हवा. खरी उकळी म्हणजे तळापासून मोठे बुडबुडे उठून पृष्ठभागावर फुटणं, आणि ते बुडबुडे हवेचे नसतात, पाण्याच्या वाफेचे असतात. त्या आधी सूं आवाज येतो. तळाशी झालेली वाफ वरच्या थंड पाण्यात येऊन दबून नाहीशी होते, त्याचा तो आवाज. उकळी पूर्ण आली की तो आवाज मऊ होतो. गृहिणीला हे कानानं कळतं; मुलाला कारण सांगितलं पाहिजे.

आता आकडा वाचा. बेळगावात रेघ १०० वर जाणार नाही. साधारण ९७ ते ९८ च्या मधे थांबेल आणि तिथंच राहील. इथं शंभरातली नव्वद मुलं वहीत १०० लिहितात, कारण पुस्तकात १०० आहे. त्यांना अडवा. जे दिसतंय तेच लिहायला लावा, आणि मग कारण सांगा.

पाणी उकळतं ते त्याच्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाएवढा झाला की. आपलं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचावर आहे. उंचीवर डोक्यावरची हवा कमी, दाब कमी, म्हणून उकळी लवकर येते. दर तीनशे मीटरला अंदाजे एक अंश कमी होतो. साडेसातशेला अडीच अंश. १०० मधून अडीच गेले की साडेसत्त्याण्णव. मुलाला हा हिशोब स्वतः करू द्या. निपाणी किंवा अथणीकडची घरं शहरापेक्षा खाली आहेत, तिथं रेघ किंचित वर थांबेल. गोव्याला पाहुणे असतील तर सुट्टीत थर्मामीटर बरोबर द्या. चोर्ला घाट उतरून पणजीला तेच भांडं ठेवलं की रेघ पुस्तकातल्या आकड्याजवळ जाते. स्वीडनच्या अँडर्स सेल्सियस यांनी १७४२ मध्ये आपली मोजपट्टी मांडली, तेव्हाच त्यांना माहीत होतं की उकळण्याचा बिंदू हवेच्या दाबाबरोबर बदलतो. गंमत म्हणजे त्यांच्या मूळ पट्टीत उकळीला ० होता आणि बर्फाला १००. आकडे नंतर उलटवले गेले.

उकळी चालू असतानाच गॅस मोठा करा. बुडबुडे वाढतात, आवाज वाढतो, रेघ तिथंच. गॅस बारीक करा, पण उकळी मोडू देऊ नका. रेघ तरी तिथंच. भाजी किंवा डाळ उघड्या भांड्यात शिजत असेल तर उकळी आल्यावर मोठा जाळ ठेवून ती लवकर शिजत नाही; तापमान तेवढंच राहतं, फक्त पाणी लवकर आटतं. हे मुलापेक्षा घरातल्या मोठ्या माणसांना सांगावंसं वाटतं, कारण सिलिंडर आपणच भरतो. लवकर शिजवायचं तर कुकर. कुकरमध्ये वाफ कोंडून दाब वाढवतात, त्यामुळे पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत न उकळता तापतं. उंचावरच्या गावात कुकरचा फायदा जास्त तो याचमुळे. कुकरचा प्रयोग मात्र करू नका, नुसता समजावून सांगा.

वेळ मोजायची असेल तर हे करून बघा. लहान पातेल्यात एक कप बर्फाचं पाणी गाळून घ्या, म्हणजे शून्याजवळचं, पण बर्फाचा खडा नसलेलं. गॅसची ज्योत एकदा लावली की हलवायची नाही. उकळी यायला किती मिनिटं लागली ते लिहा, मग ते पाणी आटायला किती लागतात ते बघा. पूर्ण आटू देऊ नका. अर्धं आटलं की थांबा आणि दुप्पट धरा. पाणी शून्यापासून उकळीपर्यंत न्यायला ग्रॅमला १०० कॅलरी लागतात, त्याची वाफ करायला सुमारे ५४०. म्हणजे आटायला पाचपटीहून जास्त वेळ लागायला हवा. घरच्या गॅसवर तंतोतंत जमत नाही, उष्णता इकडंतिकडं जाते, तरी फरक डोळ्यात भरण्याइतका असतो. ब्लॅक यांनीही असंच मिनिटं मोजून वाफेची उष्णता काढली होती.

वाफ दिसत नाही, हेही इथंच दाखवायचं. चहाच्या किटलीत पाणी उकळवा. तोटीच्या तोंडाशी बोटभर जागा रिकामी दिसते आणि त्याच्यापुढं पांढरा ढग सुरू होतो. खरी वाफ त्या रिकाम्या जागेत आहे. पांढरं दिसतं ते वाफ थंड होऊन झालेले पाण्याचे बारीक थेंब. त्या रिकाम्या जागेत कुणी बोट घालायचं नाही. उकळत्या पाण्यापेक्षा वाफेचा चटका भयंकर असतो, कारण कातडीवर वाफेचं पाणी होताना ती ५४० कॅलरी परत देते. एक चमचा, म्हणजे पाच मिलिलिटर पाण्याची वाफ झाली तर ती आठ लिटरच्या आसपास जागा व्यापते. लहान कळशीभर वाफ, एका चमच्यातून.

न उकळता वाळणं

कपडे वाळायला उकळी लागत नाही. पृष्ठभागावरचे वेगवान कण कुठल्याही तापमानाला निसटून जातात, मागे राहिलेलं पाणी गार होतं. थर्मामीटरच्या फुग्याला ओल्या कापसाची वात गुंडाळा आणि पंख्याखाली धरा. रेघ खाली येते. कोरड्या फुग्यानं आधी खोलीचं तापमान लिहून ठेवलेलं असलं म्हणजे दोन्हींतला फरक कळतो. हा फरक जितका मोठा तितकी हवा कोरडी. हवामान खातंही आर्द्रता मोजायला कोरडा आणि ओला असे दोन थर्मामीटर शेजारी टांगतं.

आपल्या जिल्ह्यासारखी जागा या प्रयोगाला शोधून मिळणार नाही. मलप्रभेचा उगम जिथं होतो त्या कणकुंबीत जुलैमध्ये ओला आणि कोरडा आकडा जवळपास एकच येतो. कपडे चुलीवर टांगल्याशिवाय वाळत नाहीत. त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला अथणीत एप्रिलमध्ये रेघ कितीतरी अंश घसरते आणि धुतलेलं लुगडं बघता बघता वाळतं. कारण तेच, आमसुलाच्या पेल्याचं. अरबी समुद्रावरून आलेली दमट हवा सह्याद्रीवर चढते, वर जाताना गार होते, तिच्यातल्या बाष्पाचे थेंब होतात आणि पाऊस घाटमाथ्यावर कोसळतो. पूर्वेला उतरते तोवर तिच्यातलं बरंचसं पाणी संपलेलं असतं. नातेवाईक दोन्हीकडं असतील तर एकाच रविवारी दोन्ही घरी ओल्या वातीचा आकडा घ्यायला सांगा आणि फोनवर कळवा. मुलांना नकाशापेक्षा हे जास्त लक्षात राहतं.

कापूर

स्थायूचा थेट वायू होतो, हे दाखवायला कापूर पुरे. उघड्या वाटीत ठेवलेली वडी काही दिवसांत झिजते आणि वाटी कोरडीच राहते. लवकर बघायचं तर स्टीलच्या वाटीत चार वड्यांचा चुरा घाला, ती वाटी कडकडीत पाण्याच्या भांड्यात तरंगत ठेवा आणि वाटीवर थंड पाण्यानं भरलेला पेला बसवा. गॅस बंद असलाच पाहिजे, कापूर पेट घेतो. थोड्या वेळानं पेल्याच्या तळाला बाहेरून पांढरी चकचकीत बुरशी धरल्यासारखे स्फटिक दिसतात. वायूचा पुन्हा स्थायू झाला, मधे पाणी कुठंच नाही. आरतीतला कापूर जळतो ते मात्र वेगळं; ती रासायनिक क्रिया, त्यातून कापूर परत मिळत नाही. अंडं उकडणं, दूध विरजणं हेही असंच. परत मूळचा पदार्थ मिळतो का, हे विचारलं की मुलं सहसा बरोबर वर्गवारी करतात. कापूर तोंडात घालू देऊ नका, तो विषारी आहे, आणि हे काम संपल्यावर वाट्या घासून वेगळ्या ठेवा.

शेवटी गुऱ्हाळ

हे जमलं तर जरूर करा. दिवाळीनंतर निपाणी, चिक्कोडी, संकेश्वरच्या बाजूला गुऱ्हाळं सुरू झाली की ओळखीच्या मालकाला विचारून दोन-चार मुलांना न्या. २०० अंशांपर्यंतचा थर्मामीटर लागेल. लांब बांबूला बांधून तो गुळव्याच्याच, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिराच्याच, हातात द्यायचा. मुलं काहिलीपासून, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईपासून, लांब, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून उभी राहतील अशी जागा मालकालाच विचारा.

उसाच्या रसात साधारण पाच भागांतले चार भाग पाणीच असतं. चुलाणात चिपाडं ढकलली की रस तापतो, वर मळी येते, भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून ती काढतात. मग उकळी. पहिला बराच वेळ रेघ पाण्याच्या उकळीच्या जरा वर घुटमळते, कारण अजून पाणी भरपूर आहे आणि उष्णता ते उडवण्यात जाते. पण इथं एक फरक आहे आणि तो मुलांनी टिपला पाहिजे. पाणी कमी होत जातं तशी उरलेल्या पाकातली साखर घट्ट होत जाते, आणि साखर जितकी जास्त तितकं उकळीचं तापमान वर जातं. म्हणून रेघ पुन्हा चढायला लागते: १०५ च्या आसपास काकवी, आणि ११८ च्या जवळ आली की गूळ उतरवायची वेळ. फेसाचा रंग, बुडबुड्यांचा आकार, वास, सगळं बदलतं. गुळव्या थर्मामीटरकडं बघतही नाही. तो पाकाचा थेंब गार पाण्यात सोडतो, बोटांनी गोळी वळतो आणि ओरडतो, “उतरवा!” त्या क्षणी मुलाला आकडा वाचायला सांगा. चांगल्या गुळव्याचा हात आणि थर्मामीटर यांत एक-दोन अंशांपलीकडे फरक मी सहसा पाहिलेला नाही.

काहिल वाफ्यात ओतली की फावड्यानं घोटतात, पाक गार होत घट्ट होतो आणि ढेपेत भरतात. तिथंही तुपाप्रमाणेच एका अंशावर थिजणं नाही; तो हळूहळू दाटत जातो.

घरी आल्यावर तीन आलेख एकाच मापाच्या कागदावर काढायला लावा, खाली मिनिटं, उभे अंश: बर्फाचा, पाण्याचा, रसाचा. रसासाठी दर पाच मिनिटांचा आकडा पुरतो. पहिल्या दोघांत सपाट पायरी ठळक येईल. रसाच्या रेघेला सुरुवातीला पायरीसारखं काहीतरी दिसेल आणि शेवटाकडं ती वाकून वर जाईल; ती नेमकी कुठून वाकायला लागली तिथं मुलाला पेन्सिलनं खूण करू द्या, आणि काहिलीत तेव्हा काय चाललं होतं ते शेजारी लिहायला सांगा.